विश्लेषण : गाडी फोर बाय फोर, पण टायर कोणते? हिवाळी, ऑल सीझन की ऑल टेरेन?

डिसेंबर उजाडला की मोबाइलवर मनालीचे व्हिडिओ फिरू लागतात. लाखो रुपयांची फोर बाय फोर गाडी बर्फाळ उतारावर आडवी होते, चालक ब्रेक दाबून बसलेला असतो आणि गाडी आपल्याच मर्जीने खाली घसरत जाते. बर्फाच्या जागी पाणी आणि चिखल धरला, तर पावसाळ्यात आपल्या भंडारदरा परिसरातही हाच प्रकार घडतो. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्यांना एकच प्रश्न पडतो. चारही चाकांना ताकद मिळत असताना गाडी घसरते कशी?

याचे उत्तर टायरमध्ये आहे. थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्या आता अहिल्यानगर जिल्ह्यातही सर्रास दिसतात आणि पहिले टायर झिजले की मालकापुढे निवडीचा पेच उभा राहतो. हिवाळी टायर घ्यावेत का? ऑल सीझन म्हणजे नेमके काय? ऑल टेरेन टाकले की सगळीकडे चालते का? दुकानात बऱ्याचदा सल्ला मिळतो तो दिसण्याचा आणि किमतीचा. रस्त्याचा आणि पावसाचा विचार मागे पडतो. म्हणून हा हिशोब एकदा नीट समजून घेऊ.

फोर बाय फोर असताना टायरची चिंता का करायची?

फोर-व्हील ड्राइव्हचे काम आहे इंजिनाची ताकद चारही चाकांपर्यंत पोहोचवणे. चिखलातून निघताना, खडी चढण चढताना किंवा वाळूत अडकल्यावर त्याचा मोठा उपयोग होतो. पण ब्रेक लावताना ही यंत्रणा फारशी कामाला येत नाही. ब्रेक तर साध्या छोट्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. गाडी किती अंतरात थांबणार, हे टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर ठरते. गाडीच्या मागच्या दारावर ‘४ बाय ४’ लिहिलेले आहे की नाही, याने त्यात फरक पडत नाही.

एक साधे गणित करून पाहू. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात आहे. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ढोबळमानाने ०.८ धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे ३१ मीटरवर थांबते. ओल्या रस्त्यावर तो ०.५ पर्यंत उतरला तर हेच अंतर ५० मीटर होते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ धरला तर १२५ मीटर लागतात. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. एक सेकंद उशीर म्हणजे आणखी २२ मीटर.

फोर बाय फोरचा खरा धोका इथेच आहे. टू-व्हील ड्राइव्ह गाडीची चाके निसरड्या रस्त्यावर जागेवरच फिरू लागतात आणि रस्ता धोक्याचा आहे हे चालकाला लगेच कळते. फोर बाय फोर गाडी त्याच रस्त्यावर सहज वेग घेते. पकड कमी असल्याचे चालकाला थेट ब्रेक लावल्यावर कळते आणि तोवर वेग वाढलेला असतो.

हिवाळी टायर म्हणजे काय?

टायरचे रबर तापमानाप्रमाणे बदलते. थंडीत ते कडक होते, उन्हात मऊ पडते. नेहमीच्या टायरचे रबर तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते, असा ठोकताळा टायर उद्योगात वापरला जातो. हिवाळी टायरचे रबर वेगळ्या मिश्रणाचे असते. त्यात सिलिकाचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे शून्याखालीही ते लवचीक राहते. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. या चिरा बर्फात धारेसारख्या रुततात आणि पकड देतात.

बर्फाच्या देशांत याबाबत कायदे आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा हिम असताना योग्य टायर नसतील तर ६० युरोंपासून दंड सुरू होतो. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारींना हिवाळी टायर सक्तीचे आहेत. नगर-पुण्याहून शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुले तिकडे जुनी गाडी घेतात तेव्हा टायरच्या दुसऱ्या संचाचा खर्च त्यांना धरावाच लागतो. दर ऑक्टोबरमध्ये टायर बदलायचे आणि ईस्टरच्या सुमारास पुन्हा उतरवायचे, हा तिथला रिवाजच आहे.

नगरची थंडीही सात अंशांवर येते. मग इथे हिवाळी टायर का नकोत?

प्रश्न रास्त आहे. थंडीची लाट आली की अहिल्यानगरचे किमान तापमान राज्यातील सर्वात कमी तापमानांच्या यादीत असते. काही वेळा पारा सात अंशांच्या आसपास उतरतो. पण तो पहाटेचा आकडा असतो. सकाळी दहापर्यंत ऊन चढते, दुपारी तापमान पंचविशीच्या पुढे जाते आणि डांबर त्याहून जास्त तापते. शिवाय आपल्याकडे रस्त्यावर बर्फ नसतो. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर आपल्याच अकोले तालुक्यात आहे, पण तिथेही दवच पडते.

उलट बाजू मात्र गंभीर आहे. मे महिन्यात जिल्ह्यातील पारा चाळिशी ओलांडतो. अशा रस्त्यावर हिवाळी टायरचे मऊ रबर आणि चिरा पाडलेले ठोकळे डगमगतात. वळणावर गाडी सैल वाटते, ब्रेकचे अंतर वाढते आणि टायर झपाट्याने झिजतो. त्यामुळे कोणी परदेशातून आणलेला किंवा स्वस्तात मिळालेला हिवाळी टायर देऊ केला, तर महाराष्ट्रात वर्षभर वापरण्यासाठी तो घेऊ नये. बर्फात जो टायर तुम्हाला वाचवतो, तोच मेमध्ये समृद्धी महामार्गावर धोक्याचा ठरतो.

ऑल सीझन आणि ऑल टेरेन एकच का?

नाही. दुकानात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘सीझन’ म्हणजे हवामान आणि ‘टेरेन’ म्हणजे जमीन. ऑल सीझन टायर उन्हाळा आणि सौम्य हिवाळा दोन्ही निभावून नेण्यासाठी बनवलेला असतो. रबराचे मिश्रण मधले ठेवलेले असते. ऑल टेरेन, म्हणजे एटी टायर, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठी असतो. त्याचे ठोकळे मोठे, खाचा रुंद आणि बाजूची भिंत जाड असते.

फोर बाय फोर गाड्यांसाठी बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला एचटी, म्हणजे महामार्गाचा टायर. त्याची नक्षी दाट असते, आवाज कमी येतो, ओल्या डांबरावर पकड चांगली असते. जिम्नी कारखान्यातून १९५/८० आर १५ आकाराच्या अशाच टायरवर येते. दुसरा एटी. थारच्या १८ इंची चाकांवर २५५/६५ आकाराचे या प्रकारचे टायर येतात. तिसरा एमटी, म्हणजे चिखलाचा टायर. त्याचे ठोकळे इतके मोठे आणि दूरदूर असतात की गाडी येण्याआधी तिचा आवाज येतो.

हा तिसरा प्रकार सध्या दिसण्यासाठी विकत घेतला जातो. गाडी रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण सपाट डांबराला टेकणारे रबर त्यात कमी असते. चिखलात जी रुंद खाच उपयोगी पडते, तिच्यामुळेच ओल्या डांबरावर पकड घटते. आठवड्याचे सहा दिवस सावेडी ते एमआयडीसी असा प्रवास करणाऱ्या गाडीला एमटी टायर बसवणे म्हणजे क्रिकेटचे स्पाइक घालून फरशीवर चालण्यासारखे आहे.

टायरवर ‘एम प्लस एस’ लिहिले आहे. म्हणजे तो बर्फात चालतो का?

‘एम प्लस एस’ म्हणजे मड अँड स्नो. अनेक एटी टायरवर ही अक्षरे असतात आणि विक्रेतेही ती अभिमानाने दाखवतात. ही मुख्यतः नक्षीच्या रचनेवर आधारलेली उत्पादकाची स्वतःची खूण आहे. त्यासाठी बर्फावरची चाचणी सक्तीची नसते.

चाचणी झालेल्या टायरची खूण वेगळी असते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण, असे ते छोटे चित्र असते. ठरलेल्या संदर्भ टायरच्या तुलनेत बर्फावर पुरेशी चांगली कामगिरी झाली तरच हे चित्र छापता येते. दोन खुणांमधला फरक जर्मनीने कायद्यातच मान्य केला. तिथे हिवाळ्यासाठी नुसत्या ‘एम प्लस एस’ टायरला असलेली सवलत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. आता डोंगर-हिमकणाची खूणच लागते. आपल्याकडे मात्र ही तीन अक्षरे पाहून हिमाचलला निघणारे कमी नाहीत.

आपल्या जिल्ह्याचे रस्ते कोणता टायर मागतात?

एकाच जिल्ह्यात इतके वेगवेगळे रस्ते असणे ही नगरची खासियत आहे. शहराला वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस मिळतो. त्याच जिल्ह्यात पश्चिमेला घाटघर आहे. ‘नगरची चेरापुंजी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात हंगामात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. शेंडी, मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असतो. अरुंद रस्ता, धुके, वाहते पाणी, शेवाळलेल्या कडा आणि अचानक समोर येणारी गाडी. इथे लागते ती ओल्या डांबरावरची पकड.

उत्तर आणि पूर्वेकडील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासा, शेवगाव या पट्ट्यात काळी माती. पाणी पिऊन ती फुगते आणि टायरला लगद्यासारखी चिकटते. एटी टायरच्या खाचाही दोन फेऱ्यांत भरून जातात आणि टायर गुळगुळीत गोळ्यासारखा होतो. ज्याला रोज शेतवस्तीवरून बाहेर पडायचे आहे, त्याच्यासाठी एटी टायर योग्य. एमटीचा विचार करण्याचे खरे कारणही इथेच सापडते, मात्र रोजचा बहुतेक प्रवास कच्च्या वाटेचा असेल तरच. शिवाय उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या चाकांबरोबर ही माती डांबरावर येते. त्यावर दव पडले किंवा अवकाळी पावसाची सर आली की सपाट रस्ताही साबणासारखा होतो.

तिसरा प्रकार वेगवान रस्त्यांचा. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे पुढच्याच वर्षी परिवहन विभागाला या मार्गावर टायर तपासणी सुरू करावी लागली. ताशी १२० किलोमीटरची मुभा, तापलेले काँक्रीट आणि तासन् तास न थांबता धावणे, यात कमी हवेचा किंवा जुना टायर आतून तापतो आणि फुटतो. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे हा आणखी वेगळा विषय. तिथे बाजूच्या भिंतीला फुगवटा आलेला टायर हमखास सापडतो.

हे सगळे एकत्र धरले तर निष्कर्ष सोपा निघतो. शहर, महामार्ग आणि वर्षातून चार-सहा वेळा भंडारदरा एवढाच वापर असेल, तर ओल्या पकडीसाठी नाव असलेला चांगला एचटी टायर घ्यावा. शेत, वस्ती, मुरमाचे रस्ते रोजचे असतील, तर दाट नक्षीचा, रस्त्याकडे झुकणारा एटी टायर घ्यावा. एमटी हा ज्यांचे काम खरोखर चिखलात आहे त्यांच्यासाठी. हिवाळी टायर कोणासाठीच नाही.

नवा एटी आणि अर्धा झिजलेला एचटी, सुरक्षित कोणता?

टायरचा प्रकार निवडताना आपण खूप विचार करतो आणि नंतर तीन-चार वर्षे त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पावसात मात्र प्रकारापेक्षा खाचेची खोली जास्त महत्त्वाची ठरते. खाचांचे काम म्हणजे टायरखालचे पाणी बाहेर फेकणे. त्या उथळ झाल्या की पाण्याचा थर टायर आणि रस्ता यांच्यात शिरतो आणि गाडी तरंगू लागते. स्टिअरिंग हलके लागते, ब्रेकचा परिणाम होत नाही.

मोटारींच्या टायरसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर ठरलेली आहे. खाचेच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ती मर्यादा गाठली, असे समजावे. पण ती कायद्याची शेवटची रेषा आहे. घाटातील पावसासाठी ३ मिलिमीटरवरच टायर बदलण्याचा सल्ला जाणकार देतात आणि तो पाळण्यासारखा आहे.

हवेचाही इथे थेट संबंध आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून एक सूत्र मांडले. साचलेल्या पाण्यात टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो, हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असते. या सूत्राने ३२ पीएसआय हवेला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हवा २५ वर आली की तो ८३ पर्यंत उतरतो. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. रुंदी आणि नक्षीप्रमाणे ते बदलतात, झिजलेल्या टायरला आणखी खाली येतात. पण दिशा स्पष्ट आहे. चिखलात जाण्यासाठी हवा १८-२० पर्यंत उतरवणारे अनेक जण परतताना ती न भरताच महामार्गावर येतात. हे टाळलेच पाहिजे.

हवा कधी तपासायची, हेही महत्त्वाचे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी बदलले की दाबात एक पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरात नगरला पहाटे ८ आणि दुपारी ३० अंश असतील, तर त्या एका दिवसात चार पीएसआयचा खेळ होतो. म्हणून दुपारी तापलेल्या टायरमध्ये पाहिलेला आकडा फसवा असतो. सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना हवा तपासावी. किती भरायची ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते.

मोठे, रुंद टायर बसवावेत का?

थारचे उदाहरण घेऊ. २५५/६५ आर १८ याचा अर्थ रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के आणि रिम १८ इंचांची. हिशोब केला तर चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २६५/७० आर १८ बसवला तर व्यास ८२८ होतो, म्हणजे पाच टक्के वाढ. स्पीडोमीटरवर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८४ ने धावत असते. ब्रेकला जास्त मोठे, जास्त जड चाक थांबवावे लागते, मायलेज पडते आणि वळताना टायर मडगार्डला घासू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकार, भार निर्देशांक आणि वेगाचे अक्षर सोडून दुसरे काही बसवू नये. अपघातानंतर विमा कंपनी विचारणा करते ती याच गोष्टींवर.

चार चाकांचे टायर सारखे असणेही फोर बाय फोरमध्ये जास्त गरजेचे आहे. पुढे नवे, मागे झिजलेले किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर लावले की चाकांचा घेर वेगळा होतो आणि त्याचा ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांत ‘४ एच’ कोरड्या डांबरावर वापरू नये, असे कंपनी सांगते त्यामागचे कारणही हेच. पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगळ्या गतीने फिरायचे असते, पण ‘४ एच’मध्ये ती एकमेकांना बांधलेली असतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचवे चाक धरून टायरची अदलाबदल करावी, म्हणजे सगळे सारखे झिजतात.

हिमाचल किंवा लडाखला जायचे असेल तर?

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौलपर्यंत गाडी नेण्याचा मोह वाढला आहे. महाराष्ट्र पासिंगच्या गाड्या तिथे दर हिवाळ्यात दिसतात. बर्फ पडला की पोलीस अनेकदा फोर बाय फोर किंवा चाकांना साखळी लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. ‘फोर बाय फोर आहे ना, मग जा’ एवढ्यावर अडथळा पार होतो आणि पुढे उतारावर तेच घडते जे व्हिडिओत दिसते.

चार दिवसांच्या सहलीसाठी हिवाळी टायरचा संच घेऊन दोन हजार किलोमीटर उन्हातून जाणे व्यवहार्य नाही. आपल्या मापाची बर्फाची साखळी बरोबर ठेवणे, ती कोणत्या चाकांना लावायची हे पुस्तिकेत पाहणे आणि घरासमोरच एकदा लावून पाहणे हा शहाणपणाचा मार्ग. साखळी फक्त बर्फावर आणि कमी वेगात चालते. काळे डांबर दिसले की ती काढायची. उतारावर ब्रेकऐवजी खालच्या गिअरवर भर द्यावा. आणि बर्फावर गाडी चालवण्याचा अनुभवच नसेल, तर शेवटचा टप्पा स्थानिक चालकाच्या गाडीने करावा. त्यात कमीपणा काही नाही. घाटघरच्या धुक्यात आपणही बाहेरच्या चालकाला हेच सांगू.

सरकारने आणि यंत्रणांनी काय करायला हवे?

ग्राहकाने शहाणे व्हावे, हे म्हणणे सोपे आहे. पण शहाणे होण्यासाठी माहिती समोर हवी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये टायरसाठी ‘एआयएस १४२’ हे मानक लागू करण्याची अधिसूचना काढली. त्यात रस्त्याचा रोध, आवाज आणि ओल्या रस्त्यावरची पकड, तिन्हींसाठी किमान निकष आहेत. हे चांगलेच झाले. मात्र किमान निकष पार करणारा टायर आणि त्याहून कितीतरी सरस टायर यातील फरक दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला सहसा कळत नाही. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल सक्तीचे आहे आणि त्यावर ओल्या पकडीची श्रेणी ठळक अक्षरात असते. फ्रिजवरचे तारे पाहून आपण वीज वाचवतो. टायरवरची एक श्रेणी पाहून जीव वाचवता आला असता, तर ती छापायला काय हरकत आहे?

आपल्या जिल्ह्याने तर हा आग्रह अधिक धरायला हवा. वाहननगरची ‘व्हीआरडीई’ ही संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा देशातील वाहन चाचणी करणाऱ्या मोजक्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक आहे. शहरात लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे. गाडी आणि जमीन यांचे नाते ज्या गावात पिढ्यान् पिढ्या अभ्यासले जाते, त्याच गावातील ग्राहकाने टायर ‘दिसतो कसा’ यावर निवडावा, हे विसंगत आहे.

दुसरी मागणी स्थानिक आहे. काजवा महोत्सव आणि पावसाळी पर्यटनाच्या काळात भंडारदरा परिसरात पोलीस आणि वन विभागाचा बंदोबस्त असतो. मद्यपानाची तपासणी होते, ती व्हायलाच हवी. त्याच नाक्यावर टायरची खाच मोजायला काही सेकंद पुरतात आणि मोजपट्टीला शे-दीडशे रुपये लागतात. समृद्धीवर जे शक्य झाले, ते शनिवार-रविवारी राजूर किंवा शेंडीत का होऊ नये? गुळगुळीत टायरच्या गाडीला घाटाआधीच परत पाठवले, तर मालकाची सहल वाया जाईल. पण त्याच्या समोरून मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या गाडीचा धोका कमी होईल.

हेच पाण्यात आणि जंगलात गाडी घालणाऱ्यांनाही सांगायला हवे. हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. एटी टायर बसवले म्हणून रस्ता सोडून जलाशयाच्या काठावर किंवा ओढ्यात गाडी घालण्याचा परवाना मिळत नाही. तिथे पडलेल्या चाकोऱ्या पुढच्या पावसात ओहोळ बनतात आणि माती वाहून जाते. रुतलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर घेऊन येतो तो गावातलाच शेतकरी.

खरेदीला जाताना काय पाहावे?

टायरच्या भिंतीवर आयएसआय चिन्ह आहे का, ते पाहा. त्यानंतर चार आकड्यांची तारीख शोधा. ‘२३२५’ असेल तर टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात वर्ष-दीड वर्ष पडून असलेला टायर ‘नवा’ म्हणून पूर्ण किमतीला घेऊ नका. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा, कारण ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तर गाडी सावरणे कठीण जाते. स्वस्तातले जुने किंवा रिमोल्ड टायर घाटात आणि समृद्धीवर नेऊ नका. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी दहा वर्षांपुढे वापरू नका.

ही तारीख पाहताना मागच्या दारावरच्या पाचव्या चाकाकडेही जरूर पाहा. गाडी घेतल्यापासून ते बहुधा जमिनीला टेकलेलेच नसते. नक्षी कोरी करकरीत असते, पण नगरच्या उन्हात ते वर्षानुवर्षे तापलेले असते. रात्री माळशेज किंवा चंदनापुरी घाटात पंक्चर झाल्यावर हात जातो तो त्याच्याकडेच. त्याची हवा आणि त्याचे वय पावसाळ्याआधी एकदा तपासून ठेवा.